लाडावलेले गोळे

वादळात बाबांनी हाताने वाढवलेलं झाड कोसळलं आणि त्या धक्क्याने बाबांनीही अंथरूण धरलं. चाळीस वर्षं बागेत माळीकाम केलेला माणूस, पण आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. "माझं आता काय काम?" एवढंच म्हणायचा.

लेक टिश्यू कल्चरच्या, म्हणजे बाटलीत पेशींपासून रोपं वाढवणाऱ्या लॅबमध्ये कामाला. पडल्या झाडाची पालवी खुडून तिने सहा बाटल्या लावल्या होत्या. कलमं जगली नव्हती, बी मिळालं नव्हतं, म्हणजे त्या झाडाचं जे काही उरलं ते एवढंच. पालवीच्या तुकड्यांवर पेशींचे पिवळट गोळे धरले. फुगले मात्र भरपूर, पुढे ढिम्म हलेनात.

"अगं, वाढीचं औषध थांबव आता," लॅबच्या मॅडमनी तीनदा सांगितलं. "ते मिळतंय तोवर पेशी नुसत्या वाढत बसतात. थांबलं की झाड व्हायला लागतात."

"आणि मेल्या तर?"

"धन्य आहे तुझी! घरी वडिलांची कुदळही लपवलीस म्हणे?"

लपवलीच होती. डॉक्टर म्हणाले होते, हिंडूफिरू द्या. पण ही बया पाण्याचा पेलासुद्धा बाबांच्या हातात नेऊन द्यायची.

महिन्याने गोळे नव्या खाद्यावर हलवायची वेळ आली. फ्रीज उघडला, तर औषधाची नवी बाटली सीलबंद! जुनी तर कधीच संपली होती, म्हणजे गेल्या खेपेला घालायचंच राहिलं होतं. तिने धावत जाऊन बाटल्या पाहिल्या. गोळे तपकिरी पडले होते. रडतरडतच तिने एक मायक्रोस्कोपखाली धरला.

तपकिरी गोळ्यावर पांढरे दाणे! काही गोल, काही बदामाच्या आकाराचे, आणि एक चांगला लांबुडका, डोक्यावर दोन इवल्या पानांची टोकं; बीच्या पोटात असतं तसं झाडाचं बाळच.

"मॅडम! गर्भ धरलाय! अहो, धरलाय!"

"अकरा आहेत," मॅडमनी मोजून सांगितलं. "पोरी, विसरलीस ते बरं केलंस."

दुपारी तिने बाबांना लॅबमध्ये ओढतच आणलं. कुरकुरत त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, आणि बराच वेळ काढलाच नाही.

"मूळ कुठलं?"

"खालचं टोक."

"हे माझंच झाड?"

"तुमचंच, बाबा. अगदी तेच."

"जमिनीत कधी लावायचं?"

"जगलं तर दोन वर्षांनी," ती भीतभीत म्हणाली.

बाबा ताठ उभे राहिले. "दोनच? अजून खड्डा व्हायचाय, माती तयार व्हायचीय! माझी कुदळ कुठे लपवलीस?"

लेकीने डोळे पुसले आणि आनंदाने हसत सुटली. "तुमच्याच पलंगाखाली, बाबा."