खुर्चीवर राहून गेलेला स्वेटर

मी बोलतोय, या खुंटीवरचा राखाडी स्वेटर. कोपराला जरा विरलोय, तेवढं सोडलं तर धडधाकट आहे.

मला विणलं एका लिफ्ट-मेकॅनिकच्या बहिणीनं. गळा थोडा सैलच झाला, पण भावानं कुरकूर केली नाही. त्याच्या अंगावर मी दोन हिवाळे काढले. ग्रीसचा आणि त्याच्या साबणाचा वास माझ्यात मुरला.

एकदा तो एका जुन्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करत होता. चौथ्या मजल्यावर चष्म्याच्या दुकानात काम करणारी एकजण एकटी राहायची. जिने चढून दमलेली ती त्याला म्हणाली, "तुमची लिफ्ट चालू होईपर्यंत माझे गुडघे बंद पडतील!" तो हसला. आधी पाणी, मग चहा, मग गप्पा. त्या रात्री तो तिच्याकडेच राहिला. सकाळी छान ऊन पडलं होतं. मला खुर्चीवर विसरून तो कामाला गेला. नंबर दोघांनी घेतले होते. फोन मात्र कुणीच केला नाही.

कामावरून आली की ती मला अंगात घालायची आणि माझ्या गळ्यात नाक खुपसून बसायची. आम्ही दोघंही त्याचीच वाट बघत होतो.

मग तिला लघवीला जळजळ सुरू झाली. मोबाइलवर वाचत बसली. वाचेल तो आजार आपल्याला झालाय असं वाटायचं. दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा घालून देतानाही बिचकायची. तिच्या ताईचा फोन आला की "कामात आहे" म्हणून ठेवून द्यायची. शेवटी ताईच दारात उभी राहिली.

"काय झालंय?"

"काही नाही."

"मग रडतेस कशाला?"

सगळं ऐकून ताईनं तिचे डोळे पुसले. मग म्हणाली, "चप्पल घाल. डॉक्टरकडे जाऊ." मीही गेलो, तिच्या अंगावर.

डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या. शरीरसंबंधातून लागणारा एक संसर्ग निघाला. "औषधानं बरा होईल. रक्तात काही निघालं नाही, तरी काही आठवड्यांनी ते पुन्हा तपासू. आणि त्यांनाही कळवा. कुणाकडून कुणाला, हे यावरून सांगता येत नाही."

घरी येऊन तिनं फोन लावला. "मी बोलतेय. चौथ्या मजल्यावरची."

"ओळखलं की!"

तो आवाज ऐकून माझी वीण न वीण ताठ झाली. तिनं अडखळत सांगितलं.

"मला तर काहीच त्रास नाही गं."

"कधीकधी नसतोच म्हणे. तरी तपासून घे. तुला दोष देत नाहीये."

"जातो." मग हळूच, "स्वेटर तुझ्याकडेच आहे ना? न्यायला येऊ?"

तिनं ओठ चावला. "आधी डॉक्टरकडे जा."

तो गेला. त्यालाही औषध घ्यावं लागलं. तिची दुसरी रक्ततपासणीही चांगली आली. ताईला मिठी मारून मनसोक्त रडली. मग त्याचा मेसेज आला, 'मी बरा आहे. तू?' तिनं 'मीही' लिहून पाठवलं. पुढे 'ये' लिहिलं आणि पुसलं.

आता तिनं मला धुतलंय. त्याचा वास गेला. तरी लिफ्ट या मजल्यावर थांबली की ती दाराकडे बघते. आजही 'ये' लिहून फोन हातात धरून बसली आहे.

अगं, एकच तर अक्षर आहे. पाठव ना. मला हात असते तर मीच पाठवलं असतं. माझ्याकडे नुसत्या बाह्या आहेत.