उन्हाचा कायदा

बटणं सोडवत बसायला वेळ नव्हता. डॉक्टरने कात्री घेतली आणि शर्ट खालपासून गळ्यापर्यंत सरळ चिरला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. आतली बनियनही तिने तशीच कापली आणि उघड्या छातीवर तळहात ठेवला. अंग तापलेल्या पत्र्यासारखं लागत होतं आणि त्यावर घामाचा टिपूस नव्हता.

"आधी थर्मामीटर," ती म्हणाली.

सिस्टरच्या हातात बर्फाच्या पिशव्या तयार होत्या. या वॉर्डात आधी बर्फ लावायचा आणि थर्मामीटर मागाहून, अशी गेल्या वर्षभरात रीतच पडून गेली होती. ती जागची हलली नाही. तिने एकदा डॉक्टरकडे पाहिलं आणि एकदा दाराकडे.

"आधी थर्मामीटर, सिस्टर."

ताप एकशे सात होता. सिस्टरने आकडा तोंडाने उच्चारला नाही, नुसता डॉक्टरच्या डोळ्यांसमोर धरला. मग दोघींनी मिळून बर्फ काखांत, जांघांत, मानेखाली कोंबला, ओली चादर पसरली, पंखा खाटेजवळ ओढला. थंड सलाईन सुरू झालं. खाटेवरचा माणूस मधूनच काहीतरी पुटपुटत होता. शब्द लागत नव्हते, पण गाडी मागे घ्यायची आहे असं काहीसं तो कुणाला तरी समजावत होता.

त्याला सगळे ड्रायव्हरमामा म्हणत. डॉक्टरचा थोरला भाऊ आमदार होण्याच्या कितीतरी आधीपासून मामा त्याची गाडी चालवत होता. भावाच्या मुलांनी मामा म्हणायला सुरुवात केली आणि मग घरादाराचा तो मामा झाला. डॉक्टरला गाडी शिकवली ती त्यानेच. तिने पहिल्याच आठवड्यात दिव्याच्या खांबाला धडक दिली, तेव्हा वडिलांसमोर मान खाली घालून शिव्या खाल्ल्या त्याही मामाने.

आणि हा माणूस इस्पितळाच्या आवारात, बंद इंजिनाच्या काळ्या गाडीत, स्टिअरिंगवर डोकं टेकलेल्या अवस्थेत सापडला होता. पहारेकऱ्याला आधी वाटलं, झोप लागली असेल.

दादा तेव्हा वरच्या मजल्यावरच्या सभागृहात बोलत होता. उन्हाच्या कायद्याला वर्ष पूर्ण झालं त्याचा कार्यक्रम होता, आणि तो मुद्दाम सरकारी इस्पितळात ठेवला होता. वर्षभरात उष्माघाताने एकही मृत्यू नाही, असं मोठ्या अक्षरांत व्यासपीठामागे लिहिलं होतं. डॉक्टरलाही आमंत्रण होतं. तिने ड्यूटीचं निमित्त सांगून टाळलं. तिथे बसून टाळ्या वाजवणं तिच्याच्याने झालं नसतं.

खरं तर एके काळी या कायद्याचा तिला कोण अभिमान होता. दादाने तो मांडला तेव्हा विरोधकांनी भर सभागृहात खिदळून घेतलं होतं. आज उन्हाचा कायदा, उद्या वाऱ्याचा आणाल, असं कुणीतरी म्हणालं आणि दादाच्या पक्षातलेही हसले. तो हटला नाही. दोन वर्षं त्याने सगळ्यांचे उंबरे झिजवले. दुपारच्या उन्हात कुणाला राबवायचं नाही, उष्माघात झाला तर उपचार आणि पगार मालकाने द्यायचा, माणूस गेला तर घरच्यांना भरपाई, आणि डॉक्टरने तिथल्या तिथे सरकारच्या उष्मा कक्षाला फोन करून मालकाच्या नावासकट कळवायचं. मसुद्यात आधी फक्त मजूर आणि फेरीवाले होते. ड्रायव्हर हा शब्द दादाने भांडून घालून घेतला. मला रोज दिसतं ना, असं तो तेव्हा म्हणाला होता.

कायदा झाला आणि उष्माघात नाहीसा झाला. माणसं पूर्वीसारखीच येत होती, हातगाडीवरून, रिक्षातून, कुणाच्या तरी खांद्यावरून. फक्त आता त्यांना चक्कर आलेली असायची, साखर वाढलेली असायची, नाहीतर हृदय मुळातच कमजोर निघायचं. हे करा असा हुकूम कुणी काढला नव्हता, आणि डॉक्टरला चीड येई ती याचीच. हुकूम असता तर तो फाडून कुणाच्या तरी तोंडावर फेकता आला असता. इथे फोन केला की कक्षातला माणूस अदबीने सांगायचा, पेशंट जरा गार झाला की परत मोजून कळवा. गार झाल्यावर ताप उतरणारच, बर्फ त्यासाठीच तर लावतात. तरी एखाद्याने हट्टाने पहिलाच आकडा कळवला, तर मालकाचा वकील यायचा, मग अधीक्षकांचं बोलावणं, मग चौकशी. सिस्टर मंडळी व्यवहारी होती, त्यांनी क्रमच बदलून टाकला. डॉक्टर सुरुवातीला भांडली. पुढेपुढे तीही परत मोजू लागली होती.

दादाच्या कानावर तिने हे घातलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. तो दर वेळी म्हणायचा, मला आकडे आणून दे, मी उद्या सभागृहात उभा राहतो. आकडेच होऊ देत नाहीत हे तर ती सांगत होती. मग तो हसून तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, अगं, माझ्या बहिणीला तसं वाटतं, एवढ्यावर सरकार हलत नाही.

दार धाडकन उघडलं. दादा आत आला, छातीवर सत्काराची फीत तशीच होती. मागे कॉरिडॉरमध्ये कॅमेरेवाल्यांची गर्दी दिसत होती. त्याने पायाने दार लोटलं आणि खाटेपाशी जाऊन मामाचे दोन्ही पाय हातांत धरले.

"मामा. मामा, मी आलोय."

मामाने डोळे उघडले, पण नजर कुठेच ठरत नव्हती. दादाचा चेहरा पडला. ते नाटक नव्हतं, हे डॉक्टरला दिसत होतं, आणि त्यामुळे तिला त्याचा जास्तच राग आला.

"वाचेल ना गं?"

"आत्ता काही सांगता येत नाही. मेंदूला आणि मूत्रपिंडांना किती मार बसलाय ते उद्यापर्यंत कळेल."

"पण हे झालं कसं? किती वेळ होता उन्हात?"

"तू किती वेळ बोललास?"

दादा म्हणाला, गाडीत एसी आहे की. तिने त्याला आठवण करून दिली की उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं तर दंड होतो, धुराने हवा तापते म्हणून. तो नियमही त्याचाच होता आणि फाटकावरच्या फलकावर त्याचा फोटोही होता. मग सावलीत जाऊन बसायचं, तो म्हणाला. सिस्टर चादरीवर पाणी शिंपडत होती. ती मान वर न करता बोलली, पहारेकऱ्याने सांगितलं होतं त्यांना, आत व्हरांड्यात बसा म्हणून. ते म्हणाले, साहेब कधीही निघतात, गाडी सोडून चालत नाही.

दादाने मामाचे पाय हळूच खाली ठेवले. त्याचे हात चादरीच्या पाण्याने ओले झाले होते आणि ते कुठे पुसावेत हे त्याला सुचत नव्हतं.

डॉक्टरने टेबलावरचा फोन ओढला.

"कुणाला करतेस?"

"उष्मा कक्षाला."

तो तिच्याजवळ आला. आवाज खाली आणून बोलू लागला, लहानपणी आईपासून काही लपवायचं असलं की बोलायचा तसा. मामाचं सगळं तो बघणार होता. खासगीत हलवायचं तर हलवू, पगार घरी जाईल, मामाच्या मुलीचं शिक्षण त्याच्याकडे लागलं. कायदा देतो त्याच्या दुप्पट देईन म्हणाला.

"मग कायदा कशाला केलास?"

"माझ्यासाठी नाही सांगत मी. आज हे बाहेर गेलं तर उद्या कायदाच मरेल. सगळे टपून बसलेत. याच्याच ड्रायव्हरला ऊन लागलं म्हणून नाचतील. लाखो लोकांसाठी आहे तो, एका माणसापायी घालवायचा?"

"हा एक नाही. रोज येतात."

"आणि कागदोपत्री मामा माझा नाहीच. एजन्सीमार्फत आहे."

हे बोलून झाल्यावर त्यालाच ते ऐकवलं नसावं. तो खाटेकडे न बघता खिडकीकडे वळला.

"मी करू नकोस म्हणत नाही," तो म्हणाला. "जरा गार होऊ दे त्याला. मग परत मोज आणि कळव. घाई काय आहे?"

डॉक्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडावं, टेबलावरचा ट्रे भिंतीवर आपटावा, दार उघडून त्या कॅमेरेवाल्यांना आत घ्यावं, असं सगळं एकदम तिच्या मनात आलं. तिने त्यातलं काही केलं नाही. ओल्या हातमोज्याने नंबर दाबला, फोन स्पीकरवर टाकला आणि बर्फाची वितळलेली पिशवी बदलायला घेतली.

दोन रिंग झाल्यावर पलीकडून एक तरणा, गोड आवाज आला. नमस्कार, उष्मा कक्ष. तिने इस्पितळ सांगितलं, स्वतःचं पद सांगितलं, पुरुष, वय साधारण साठ, ड्रायव्हर, उभ्या गाडीत बेशुद्ध, ताप एकशे सात.

"बरं बरं," आवाज म्हणाला. "डॉक्टर, असं करू या का? पेशंटला जरा गार होऊ द्या. मग परत मोजा आणि कळवा. घाई काही नाही."

सिस्टरचा हात चादरीवर थबकला. दादा खिडकीपासून सावकाश वळला आणि टेबलावरच्या फोनकडे बघत राहिला. त्याचे ओठ किंचित हलले.

"तुम्हाला असं सांगायला कुणी सांगितलंय?" डॉक्टरने विचारलं.

"तसं कुणी नाही सांगितलं," आवाज प्रामाणिकपणे म्हणाला. "सगळेच तसं करतात ना. आकडा नीट लागतो. उगाच कुणाला त्रास नको."

"मी परत मोजणार नाही. एकशे सातच घ्या."

"ठीक आहे, तुमची इच्छा." किबोर्डची टकटक ऐकू आली. त्या आवाजात अजूनही चिडचिड नव्हती, रोज दहा जणांना समजावणाऱ्याचा धीर होता. "मालकाचं नाव?"

डॉक्टरने दादाकडे पाहिलं. एजन्सीचं नाव तिला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तिने ते उच्चारलं नसतं.

"इथेच उभे आहेत. त्यांनाच विचारा."

दादा लगेच पुढे आला नाही. त्याने छातीवरची फीत काढली, टाचणीसकट खिशात घातली, आणि मग टेबलाजवळ येऊन, वाकून, आपलं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, स्पष्ट शब्दांत, शपथ घेताना सांगतात तसं. दोन वर्षं उंबरे झिजवणारा तो भाऊ डॉक्टरला क्षणभर दिसला.

पलीकडची टकटक थांबली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहेब? साहेब, तुम्ही स्वतः? माफ करा, ओळखलं नाही मी. डॉक्टरांनी आधी सांगायला हवं होतं." आवाज आता उभा राहून बोलत होता. "काही काळजी करू नका साहेब. मी आहे इथे. फक्त तेवढं सांगा, ताप किती लिहू?"

दादाने टेबलाची कड धरली. आकडा त्याला माहीत होता. डॉक्टरने तो आत्ताच दोनदा सांगितला होता आणि थर्मामीटर त्याच्या समोर, ट्रेमध्ये पडला होता. "साहेब?" फोन पुन्हा म्हणाला, अदबीने, जराही न कंटाळता.

डॉक्टरने त्याच्याकडे पाठ केली. नवी पिशवी मामाच्या मानेखाली सरकवली, चादर पिळली, पुन्हा पसरली. तिने मागे वळून पाहिलं नाही. दोन शब्दांचं उत्तर होतं, आणि मागून अजून काहीच ऐकू येत नव्हतं.