शिरोळी बुद्रुकचं शुद्धिपत्रक

खोटं बोलायचा पहिला धडा मला खाजा सरांनी दिला. लातुरात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. मराठी मशीनवर माझा हात त्यांच्या सगळ्या पोरांपेक्षा पळायचा, म्हणून त्यांनीच माझ्यासाठी नोकरी शोधली. "पंचशीला, वय विचारलं तर अठरा सांग. बाकीचं तुझी बोटं सांगतील," म्हणाले. मला सोळा पूर्ण होऊन दोनच महिने झाले होते.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. पावसानं दगा दिलेला, आणि जिकडंतिकडं नवी हापिसं उघडून राहिली होती. कुणाला लॉज मिळालं, कुणाला गोदाम. आमचं हापीस एका बंद पडलेल्या डाळमिलच्या माडीवर. काम पाणीटंचाईचं. टायपिस्टची जागा भरेपर्यंत रोजंदारीवर, दुपारी दोन ते सहा. सकाळी माझं अकरावीचं कॉलेज असायचं, त्यामुळं मला तर आभाळ ठेंगणं झालं.

"अठरा?" हेडक्लार्क व्यंकटरावांनी चष्म्याच्या वरून बघत विचारलं.

"हो."

"वाटत न्हाईस."

"आमच्या घरात सगळेच बारीक आहेत," मी ठोकून दिलं.

नोकरी हवी होती त्याला कारण होतं. भोकरच्या मामानं माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. माझी आई, सरजाबाई, तोंडाची फटकळ. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "नोकरी हाय तवर तुझ्या लग्नाचं नाव मी कुणाला काढू देत न्हाई. नोकरी गेली, की भावाला थांबवणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. मग रडत बसायचं न्हाई." म्हणजे डाळमिलची माडी सुटली, की मी भोकरला. रोज जिना चढताना मला हेच आठवायचं.

मार्चात टँकरच्या गावांची यादी आली. हातानं लिहिलेली, पाच पानं, शंभरावर गावं. ती मी स्टेन्सिलवर टाइप करायची, व्यंकटरावांनी ताडून बघून खाली 'तपासले' म्हणून सही करायची, मग सायक्लोस्टाइलवर प्रती निघायच्या. यादीत नाव असेल त्या गावाला टँकर. नसेल त्यानं बोंबलत बसावं.

प्रती वाटून चार दिवस झाले आणि मल्लम्मा आली. साठीची बाई, कमरेवर रिकामी घागर. पहाटेच्या एसटीनं आली होती.

"आमचं गाव शिरोळी बुद्रुक," ती दारातल्या शिपायाला, मारोतीला, सांगत होती. "शिरोळी खुर्दला टँकर येतोय. मधे निस्ता एक वढा हाय. मग आमीच काय पाप केलंय?"

"यादीत नाव न्हाई मावशी."

"मग घाला की!"

"तसं घालता येत न्हाई."

"आरं, आडाचं पाणी तळाला गेलंय. माझी सून दोर बांधून खाली उतरती आन् वाटीवाटीनं घागर भरती. एखाद्या दिवशी जीव जाईल लेकराचा." मग तिची नजर माझ्यावर पडली. "तू तरी सांग गं अव्वा, तुझ्या सायबाला."

ती जिन्यात जाऊन बसल्यावर मी हातानं लिहिलेली यादी काढली. तिसऱ्या पानावर शिरोळी खुर्द. तिच्याखाली शिरोळी बुद्रुक. आणि माझ्या टाइपात बासष्ट नंबरला शिरोळी खुर्द, त्रेसष्टला भलतंच गाव. काय झालं ते मला लगेच कळलं. खुर्द टाइप करून मी परत कागदाकडं पाहिलं, तेव्हा नजर खालच्या शिरोळीवर बसली; ती झाली असं समजून मी पुढची ओळ घेतली. मूळ यादीला आकडे नव्हते, ते मीच टाकत गेले होते. एक ओळ राहिली होती फक्त. एका ओळीत एक अख्खं गाव.

सांगावं तर नोकरी जाणार, नोकरीपाठोपाठ वयही उघडं पडणार. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी मल्लम्मा पुन्हा आली, आणि मी मशीनमध्ये मान घालून बसले. असली भित्री होते मी! आज लिहितानाही माझा मला राग येतो.

तिसऱ्या दिवशीही ती जिन्यात दिसली, तेव्हा मात्र मी यादी घेऊन व्यंकटरावांपुढं उभी राहिले. त्यांनी उठून दार लोटलं आणि खणातून आपली प्रत काढली. शिरोळी खुर्दच्या खाली लाल पेन्सिलीची फुली होती.

"तुम्हाला माहीत होतं, भाऊसाहेब?"

"परवाच ध्यानात आलं. पर खाली सही माझी हाय, पोरी. रिटायर व्हायला चौदा महिने ऱ्हायलेत, आन् घरी दोन पोरी लग्नाच्या. तू गप बस, मी बी गप बसतो. पुढच्या म्हैन्याच्या यादीत घालू नाव." मग खालच्या आवाजात म्हणाले, "आन् खाजा मास्तर माझ्या चांगल्या वळखीचा हाय. तुझं वय मला ठावं हाय."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ती प्रत घाईघाईनं परत खणात कोंबली आणि कुलूप लावलं. एवढा मोठा माणूस भ्यालेला पाहून माझी उरलीसुरली हिंमतही गेली. मी मान डोलावली आणि जागेवर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मल्लम्मा आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

"गेली एकदाची कटकट," मारोती म्हणाला. पण मला बसवेना. जिन्यात पाऊल वाजलं की मी वळून बघायची, आणि प्रत्येक वेळी दुसरंच कुणीतरी निघायचं. घरी आईनं माठातून तांब्या भरला तरी मला तो दोर दिसायचा. काय झालं असेल? सून पडली असेल का? मेली तर नसेल? मेली असेल तर मीच मारली, दुसरं कुणी नाही.

तिसऱ्या दिवशी मी मशीनला कोरा कागद लावला आणि वर टाइप केलं, 'शुद्धिपत्रक'. लातुरात माझ्याइतका हात कुणाचा पळत नव्हता म्हणे, पण त्या चार ओळींना मी पाच कागद वाया घालवले. 'यादीतील अनुक्रमांक ६२ नंतर शिरोळी बुद्रुक हे गाव टंकलेखकाच्या नजरचुकीने वगळले गेले आहे. ते समाविष्ट समजावे.' कागद ओढला आणि व्यंकटरावांच्या टेबलाजवळून सरळ साहेबांच्या खोलीत शिरले. मागं त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

साहेबांनी कागद वाचला. "नजरचूक कुणाची?"

"माझी."

"आणि तपासलं कुणी?"

व्यंकटराव दारात येऊन उभे होते. तोंड पांढरंफटक. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "चूक मी केली, साहेब." व्यंकटराव मान खाली घालून उभे राहिले.

साहेब माझ्याकडं निरखून बघत होते. "वय काय तुझं?"

"सोळा." तोंडातून निघूनच गेलं.

त्यांनी सही केली, मारोतीला बोलावून कागद लगोलग टँकरवाल्याकडं धाडला. मग व्यंकटरावांना म्हणाले, "उद्यापासून हिला बोलवू नका." रागावले नाहीत. मी मशीनवर झाकण घातलं, डबा उचलला आणि निघाले. आईला काय सांगायचं, याचाच विचार चालला होता.

खाली शेवटच्या पायरीवर मल्लम्मा बसली होती. आज घागर नव्हती. जाता जाता मारोतीनं तिला सांगितलं असावं, कारण मला बघताच ती उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"तूच सांगितलंस न्हवं सायबाला? तुझ्यामुळं झालं गं माझे बाई!"

"मावशी, तुम्ही दोन दिवस कुठं होतात?"

"दवाखान्यात. सून पडली आडात, दोर तुटला. जित्ती हाय, पर कंबर गेली तिची. चालंल का न्हाई ते डाक्टरला बी सांगता यीना."

तिचे हात अजून माझ्या गालांवर होते, उबदार आणि खरबरीत. तिथंच गप बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण ती बाई मला दुवा देऊन राहिली होती आणि ते मला सोसवेना.

"मावशी, तुमच्या गावाचं नाव मीच गाळलं होतं. माझ्याच हातून राहिलं. आणि कळल्यावरही पाच दिवस मी भिऊन गप बसले."

तिचे हात थांबले. मग सावकाश खाली गेले. ती शिव्या देईल, मारेल, असं वाटून मी डोळे मिटून घेतले. तिनं यातलं काहीच केलं नाही.

"किती वर्साची गं तू?" तिनं विचारलं.

"सोळा."

"माझी सून बी सोळाचीच हाय," मल्लम्मा म्हणाली. पदर खोचून ती दवाखान्याच्या रस्त्याला लागली, आणि मी डबा छातीशी धरून तिच्या मागं चालू लागले.