माझी एक चौकट खोडली गेली

मी नकाशा बोलतोय. रस्त्यांचा नाही, देशांचाही नाही. एक कंपनी लोकांसाठी नेमकं काय काय करते, ते दाखवणारा नकाशा. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. माझ्यात चूक होती असं चौकशीच्या अहवालात लिहिलंय. ते खोटं आहे.

अलेक्झांड्रियात, मुहर्रम बेय भागात, ऑक्सिजनचे सिलिंडर भरणारी आमची कंपनी. जहाजदुरुस्तीच्या कारखान्यांना जोडकामासाठी, म्हणजे वेल्डिंगसाठी, सिलिंडर द्यायचे, इस्पितळांना द्यायचे, आणि ज्यांची छाती निकामी झालीय अशा माणसांना घरी नेऊन द्यायचे. पंचवीस वर्षं हे सगळं वह्यांवर, फोनवर, गोदामातल्या एका जुन्या संगणकावर आणि माणसांच्या आठवणीवर चाललं. मग वरच्या मजल्यावर ठरलं की आता एकच संगणक प्रणाली आणायची आणि सगळं काम तिच्यातून चालवायचं. प्रणाली आणायची तर आधी कंपनी काय करते ते कागदावर हवं. त्या कागदासाठी माझा जन्म झाला.

मला काढलं शाहिनाझनं. इंजिनियर, पस्तिशीची, बोलायला तिखट. सगळे तिला बाशमुहन्दिसा, म्हणजे इंजिनियरबाई, म्हणत, कुणी मानानं, कुणी चिडवत. पाच महिने ती खोल्याखोल्यांतून वही घेऊन फिरली. तिचे नियम साधे होते. प्रत्येक सेवेला एकच नाव, आणि त्या नावाचा एकच अर्थ. मग चौकटीत चार गोष्टी भरायच्या: ही सेवा कुणाला मिळते, किती वेळात मिळायला हवी, तिला जबाबदार कोण, आणि ती कशाच्या आधारावर उभी आहे. एवढं ठरलं की चौकटीतून रेघा निघायच्या, दुसऱ्या चौकटींकडे जायच्या. एक चौकट काढली तर काय काय कोसळेल, ते रेघांवरून कळायचं.

सोपं वाटतं ना? तसं नव्हतं. घरी सिलिंडर नेण्याच्या कामाला विक्रीवाले ‘किरकोळ’ म्हणत, गोदामवाले ‘घरचं’ म्हणत, आणि हिशेबवाले ‘पोचवणं’ म्हणत. कारखान्याच्या मालालाही ते ‘पोचवणं’च म्हणत. एका कामाला तीन नावं, आणि एका नावात दोन कामं. शाहिनाझ कपाळाला हात लावून बसायची.

शेवटी ती गोदामात गेली, दसूकींकडे. घरोघरी सिलिंडर नेणाऱ्या गाडीचे ते ड्रायव्हर. साठीला आलेले, म्हणून सगळे त्यांना अम्म दसूकी म्हणायचे, आपण काका म्हणतो तसं.

“अम्म दसूकी, तुमचं काम काय?”

“गाडी चालवतो. तुला दिसत नाही?”

“तसं नाही. तुम्ही एखाद्या दिवशी गेलाच नाहीत, तर कुणाचं काय बिघडतं?”

दसूकींनी चहाचा पेला खाली ठेवला. “कारखान्यात गेलो नाही तर मुकादम शिव्या देतो. घरी गेलो नाही तर माणूस मरतो, बेटी. वीज गेली की त्यांचं ऑक्सिजन देणारं यंत्र बंद पडतं. मग उशाशी ठेवलेला छोटा सिलिंडर. तो चालतो पाच तास. एक तास रस्त्यात जातो असं धर.”

शाहिनाझनं तिथेच पेन्सिलीनं माझ्यावर लिहिलं: ‘घरपोच ऑक्सिजन. कुणाला: घरी असलेले रुग्ण. वेळ: चार तासांत. आधार: गोदामातल्या संगणकातली रुग्णांची यादी, दर रविवारी तिची छापील प्रत दसूकींच्या गाडीत.’ मग जबाबदार कोण, हे विचारायला ती वर गेली. तीन खात्यांनी हात झटकले. तेव्हा तिनं तिथे स्वतःचं नाव घातलं.

महिन्याभरात मी मोठ्या कागदावर छापला गेलो. सभागृहाच्या भिंतीवर मला चिकटवलं, तेव्हा मला वाटलं होतं की आता लोक वाचतील.

वाचतील! संचालक वगदी बेय, म्हणजे वगदीसाहेब, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “फार गर्दी आहे. मंडळाला हे एका नजरेत कळलं पाहिजे.” त्यांच्याबरोबर कैरोहून आलेला सल्लागार होता. त्यानं माझ्यावरून बोट फिरवलं. गोदामाचं तोंडही न पाहिलेला माणूस.

“या दोन चौकटी बघा,” तो म्हणाला. “कारखान्याला सिलिंडर, घरी सिलिंडर. गाडी तीच, सिलिंडर तोच, माणूस तोच. मग दोन कशाला?”

“घेणारा वेगळा आहे,” शाहिनाझ म्हणाली. “आणि वेळ वेगळी आहे. कारखान्याला दोन दिवस चालतात.”

“ते बारकावे प्रणालीत बघू.”

“प्रणाली या नकाशावरूनच बांधणार आहात. यात नसलेलं तिच्यात कुठून येणार?”

वगदी बेय हसले. “बाशमुहन्दिसा, लग्नाच्या पत्रिकेत सगळ्या पाहुण्यांची नावं छापतात का?”

“बोलावलं नाही तर मरेल असा पाहुणा असेल, तर छापतात.”

खोलीत दोघं-तिघं हसले, वगदी बेय मात्र आता हसत नव्हते. त्यांनी लाल पेन घेतलं आणि ‘घरपोच ऑक्सिजन’ या चौकटीवर तिरपी फुली मारली. एका झटक्यात. जिला पाच महिने लागले तिला खोडायला दोन क्षण पुरले. फुली मारताना त्यांनी आत काय लिहिलंय ते वाचलंही नाही. मी त्यांच्या डोळ्यांसमोर होतो, म्हणून सांगतो.

शाहिनाझनं त्याच दिवशी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं दोन शब्दांचं: ‘नोंद घेतली.’ माझी नवी, सुटसुटीत प्रत काढली गेली. तिला काचेची चौकट मिळाली आणि चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. मला भिंतीवरून उतरवलं. काही दिवस मी मागण्या घेणाऱ्या फोनवाल्यांच्या खोलीत टेबलावर पसरलो होतो. दुपारी माझ्यावर फूल नावाच्या घेवड्याच्या उसळीची आणि ताअमिया नावाच्या तळलेल्या वड्यांची पुडकी उघडली जायची, तेलाचे डाग पडायचे. डागांचं मला वाईट वाटलं नाही, जेवणारी माणसं भली होती. पण माझ्यावर कोपर टेकून ती चाचणीला आलेल्या नव्या प्रणालीला शिव्या द्यायची, आणि शिव्या कशामुळे द्याव्या लागतात ते कोपराखालीच लिहिलेलं होतं. मग कुणीतरी मला गुंडाळून कपाटामागे सारलं.

नोव्हेंबरात प्रणाली सुरू झाली. सगळ्या मागण्या एकाच रांगेत, ज्याची आधी त्याला आधी. फोनवर यंत्राचा आवाज: ‘आपली मागणी नोंदवली आहे. दोन कामकाजाच्या दिवसांत माल पोचेल.’ गोदामातला जुना संगणक बंद केला, कारण नव्या नकाशात कुठलीच रेघ त्याच्याकडे जात नव्हती. दसूकी काही दिवस आपल्या मनानं घरच्या फेऱ्या मारत राहिले. मग त्यांना ताकीद मिळाली की प्रणालीत नाही ती फेरी मारायची नाही. लोक दोन दिवस आधी मागणी नोंदवून कसंबसं निभावू लागले.

डिसेंबरात कासिमची नव्वा आली. हे वादळ दरवर्षी समुद्रावरून येतं, पण त्या वर्षी रस्त्यांवर गुडघाभर पाणी झालं. सकाळी साडेसातलाच निम्म्या शहराची वीज गेली.

बहरी भागात फिक्री नावाचे एक गृहस्थ राहायचे. चाळीस वर्षं कापूस दाबण्याच्या कारखान्यात काढलेली, त्या धुळीनं फुप्फुसं गेलेली. त्यांची मुलगी इब्तिसाम शिवणकामाच्या कारखान्यात होती, त्या दिवशी वादळामुळे घरीच थांबली. वीज गेली तसा तिनं उशाचा सिलिंडर लावला आणि आमच्याकडे फोन केला. चार वेळा केला. चारही वेळा दोन कामकाजाचे दिवस. रुग्णवाहिका मागवली, ती पाण्यात अडकली होती. मग शेजारणीला वडिलांपाशी बसवून ती पाण्यातून चालत निघाली आणि अकरा वाजता फोनवाल्यांच्या खोलीत येऊन उभी राहिली. अंगावरून पाणी गळत होतं.

“तुमच्यात माणूस कुणी आहे का?” ती ओरडली. “की सगळी यंत्रंच बसवलीत?”

नाहिद नावाची बाई तिथे बारा वर्षं फोन घेत आली होती. ती उठली. “बस बेटी, पत्ता सांग.”

“बसायला आले नाही! साडेबारापर्यंत चालेल तो सिलिंडर. बाबांचे ओठ निळे पडायला लागलेत.”

नाहिदनं प्रणालीत पाहिलं. रांगेत एकशे बारा मागण्या. कुठली घरची, कुठली कारखान्याची, काही कळायला मार्ग नाही. सगळ्यांपुढे एकच शब्द: ‘पोचवणं’. दसूकींची गाडी बंदरात गेलेली, साठ सिलिंडर घेऊन, जोडकामासाठी. वादळामुळे तिथलं काम बंदच होतं, पण त्यांचा क्रमांक आधी होता.

नाहिदनं त्यांना फोन लावला. “अम्म दसूकी, माल तसाच घेऊन फिरा. बहरीत जा.” आणि फोन ठेवताच तिला दुसरी गोष्ट सुचली, जी वरच्या चार मजल्यांवर कुणाला सुचली नव्हती. “अगं बायांनो, हा एकटाच नाही. बाकीचे कुठायत? यादी कुठाय?”

कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज माझ्यावर जेवलेल्या नाहिदला मी आठवलो. तिनं कपाट ओढलं, मला बाहेर काढलं, जमिनीवर पसरलं आणि गुडघ्यांवर बसून त्या लाल फुलीखालचं वाचलं. ‘छापील प्रत दसूकींच्या गाडीत.’ तिनं पुन्हा फोन लावला. शेवटच्या रविवारची यादी अजून गाडीच्या खणात होती. दसूकींनी ती फोनवर वाचून दाखवली, नाहिदनं माझ्याच कडेला एकेक नाव आणि नंबर उतरवून घेतला. मग तिनं आणि खोलीतल्या दोघींनी मिळून एकेका घरी फोन केले. वीज गेलेली सदतीस घरं निघाली. गोदामातली माणसं मोटारसायकलींवर, हातगाडीवर, एक जण तर भाजीच्या टेम्पोतून सिलिंडर घेऊन गेला. बहुतेकांकडे आधी मागवलेला जादा सिलिंडर होता, काहींची वीज उशिरा गेली होती; संध्याकाळपर्यंत छत्तीस घरी ऑक्सिजन वेळेत पोचला.

दसूकी बहरीत पोचले तेव्हा अडीच वाजले होते. बंदराच्या रस्त्यावर गाडी दोनदा बंद पडली होती. खांद्यावर सिलिंडर घेऊन ते चार जिने चढले. वर शेजारीण दारातच उभी होती. ती बाजूला सरली. आत फिक्रींचा चेहरा चादरीनं झाकलेला होता.

आता चौकशीचं सांगतो, कारण राग तिथे आहे. तीन माणसांची समिती बसली. दहा दिवसांत अहवाल आला: ‘मूळ आराखड्यातील संदिग्धतेमुळे.’ संदिग्धता! माझ्यात वेळ लिहिली होती. नाव लिहिलं होतं. रेघ ओढली होती. समितीनं मला एकदाही उलगडून पाहिलं नाही. चौथ्या मजल्यावरची काचेतली प्रत पाहिली, आणि म्हटलं, यात तर असं काही नाहीच.

शाहिनाझसमोर अहवाल ठेवला. वगदी बेय म्हणाले, “सही कर. कुणाची नोकरी जाणार नाही, मी बघतो.”

“मी काढलेला नकाशा आणा, मग बोलू.”

“तो जुना कागद? गेला असेल रद्दीत.”

“तर मग माझी सहीही तिथेच शोधा.”

तिनं सही केली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर तिला बेमुदत रजा दिल्याचं पत्र होतं.

मी रद्दीत गेलो नव्हतो. नाहिदनं मला ओढणीखाली लपवून गोदामात नेलं आणि दसूकींच्या ताब्यात दिलं. ती घाबरली होती, तिचं घर तिच्या पगारावर चालतं, मी तिला दोष देत नाही. दसूकींनी मला रिकाम्या सिलिंडरांमागे भिंतीला लावलं.

फिक्रींचा चाळिसावा, म्हणजे मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस, झाल्यावर इब्तिसाम रिकामा सिलिंडर परत द्यायला आली. दसूकींनी तो तिच्या हातातून घेतला.

“अम्म दसूकी, कंपनी म्हणते चूक कागदात होती. कुठला कागद?”

दसूकींनी सिलिंडर बाजूला सारले आणि माझ्यावर बोट ठेवलं. ती वाचायला लागली, ओठ हलवत, हळूहळू. कुणाला. किती वेळात. लाल रेघेखालचं एक अक्षर तिला लागेना, ते दसूकींनी सांगितलं.

“म्हणजे लिहिलेलं होतं,” ती म्हणाली. “बाबा यात होते.”

“होते, बेटी.”

“आणि ही फुली कुणाची?”

दसूकींनी नाव सांगितलं. गोदामातली सगळी माणसं ऐकत होती, तरी मोठ्यानं सांगितलं. तिनं मला भिंतीवरून उतरवलं आणि काखेत मारलं. कुणी अडवलं नाही.

आज मी सरकारी वकिलाच्या कचेरीत एका लोखंडी कपाटात आहे. मला जमा करून घेताना कारकून पुटपुटत लिहीत होता, “कागद एक, मोठा, तेलकट.” इब्तिसामनं त्याचा हात धरला. “तेलकट लिहा. पण आधी वाचा, मग लिहा.” त्यानं वाचलं. मग त्यानं पुढे ‘चार तासांत’ हेही लिहून घेतलं. शाहिनाझची साक्ष पुढच्या महिन्यात आहे. तिची ती लेखी हरकत, आणि खालचे ‘नोंद घेतली’ हे दोन शब्द, माझ्या शेजारीच ठेवलेत.

कंपनीत आता घरच्या फोनसाठी वेगळा क्रमांक आहे, तो नाहिद घेते. काचेतल्या नकाशात मात्र ती चौकट अजून नाही. ती घातली तर ती काढली होती हे कबूल करावं लागेल ना!

तुमच्याही कचेरीत माझ्यासारखा कुणी भिंतीवर असेल. तो नीटनेटका दिसावा म्हणून त्याच्यातलं काही खोडायला निघालात, तर माझं एवढं ऐका. आधी ज्याचं नाव आत आहे त्याच्या घरी जा. चार जिने चढा. त्याच्या उशाशी बसून त्याला विचारा, तुला यातून काढू का? तो हो म्हणाला, तर खुशाल फुली मारा.