पितळी कडीची पेटी

दगड गोळा करायच्या पेटीला पितळी कडी असे, कारण लोखंडाने दगडांचं चुंबकत्व बिघडतं. चाळीस वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या कड्यावर अशी एक पेटी सापडली, पण ती घेऊन दगड आणायला गेलेले एका बाईचे यजमान सापडले नाहीत. "भावोजींनी दुसरीकडे घरोबा केला असेल," तिची थोरली जाऊ म्हणाली. तेव्हापासून पेटी पलंगाखाली होती आणि तो शब्द काळजात.

तीही यजमानांच्याच प्रयोगशाळेत दगडांची मोजणी करी. निवृत्तीच्या आठवड्यात तिने मन घट्ट केलं आणि पेटी तिथे आणून तिच्यातले बोटभर दगड चुंबकत्व मोजायच्या यंत्रात घातले. लाव्हा थिजताना तेव्हाची उत्तर दिशा दगडात कायमची कोरली जाते. त्यावरूनच ही जमीन कधीकाळी विषुववृत्तापलीकडे होती हे कळलं. म्हणून या दगडांतल्या दिशेचे सगळे बाण एकीकडेच वळलेले हवे होते. तिने दगड पेटीतल्या आपापल्या खणात ठेवून बाण कागदावर काढले, तर ते एकमेकांमागे गोल फिरत होते.

"काकू, हे आभाळातल्या विजेचं काम," शेजारच्या यंत्रावरचा मुलगा म्हणाला. "वीज जिथून उतरते, त्या जागेभोवती असं रिंगण होतं. दगड जुनं सगळं विसरतात बघा."

"मधोमध काय येतं?"

"झाकणावरची कडी."

म्हणजे वीज पडली तेव्हा कडी त्यांच्या हातात होती आणि ते कड्यावरून थेट समुद्रात गेले. म्हणजे ते तिला सोडून कुठे गेलेच नव्हते.

जाऊबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती; सांगणार कुणाला? तिने कडी मुठीत धरली. खोली गार होती, पण पितळ कोमट लागलं, आत्ताच कुणीतरी हात काढल्यासारखं.