फौजदारचा घसा

जनावराला औषध आणि माणसाला बोलणी, दोन्ही वेळच्या वेळी द्यायची, हा माझ्या दवाखान्याचा नियम. लाकडाच्या वखारीतला राखणदार फौजदारला घेऊन आला, तेव्हा मी आधी त्यालाच झापलं.

फौजदार म्हणजे वखारीचा कुत्रा. नाक गळतंय, खोकून खोकून बेजार, त्यात गळ्याला आवळलेला पट्टा. घसा आतून लालभडक. भुंकायला तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर येत होती.

"पट्टा आधी काढा. आणि पंधरा दिवस याने भुंकायचं नाही," मी बजावलं. "नाहीतर आवाज कायमचा जाईल."

राखणदाराचं तोंड एवढंसं झालं. "बाई, मालक रोज सकाळी फाटकावर हॉर्न देतात. हा भुंकला नाही तर म्हणतील, याला हाकला, दुसरा आणा. आधीच्याला तसंच हाकललं. हा माझ्या डब्यातलं खातो हो, पोरासारखा आहे."

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण जीव चुटपुटत राहिला.

दहाव्या दिवशी मी स्वतःच वखारीत गेले. फौजदार फळ्यांच्या थप्पीमागे मजेत लोळत होता. नाक गळायचं थांबलं होतं, घसा निवळत होता. राखणदाराचा मात्र साफ बसला होता.

"तुम्हाला काय झालं?"

"रोज मीच भुंकतो, बाई," तो कुजबुजला. "इथून, थप्पीआडून."

मी हसू दाबतेय तोवर फाटकावर हॉर्न वाजला. राखणदाराने वाकून जोर लावला. फुस्स! ते पाहून फौजदारच छाती फुगवून उठला, तशी मी झटकन त्याचं तोंड धरलं. दुसरा हॉर्न. राखणदाराने माझ्यापुढे हात जोडले. डोळे भरून आले होते बिचाऱ्याचे.

बावीस वर्षांची डॉक्टरकी गुंडाळून ठेवली आणि मी भुंकले. चांगली सहा-सात वेळा भुंकले. फौजदार माझ्याकडे बघतच राहिला.

राखणदाराने धावत जाऊन फाटक उघडलं. मालकांनी गाडीची काच खाली केली. "आवाज चिरका झालाय याचा. पण दम आहे हं अजून! राहू दे."

गाडी आत गेली. राखणदार परत आला आणि फौजदारला घट्ट कवटाळून बसला. मला मात्र खोकल्याची उबळ आली.

"कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा," तो अगदी माझ्याच सुरात कुजबुजला. "आणि पंधरा दिवस भुंकायचं नाही."