नववं प्रकरण

माझं अक्षर चांगलं होतं, हेच आमच्या खोऱ्याला नडलं. वाईट असतं तर ते काम दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं आणि आज मला हे लिहीत बसावं लागलं नसतं.

चौऱ्याऐंशी सालची, कम्युनिस्ट राजवटीतली गोष्ट. आम्हा बाप्तिस्त मंडळींना पुस्तकं मिळत नसत. टाइपरायटर असला तर दर वर्षी त्याच्या अक्षरांचा नमुना मिलीशियाच्या पोलिसांना नेऊन द्यायचा. सीमेपलीकडून आलेलं एखादं पुस्तक घरात सापडलं, तर घरच्या कर्त्या माणसाला महिनाभर चौकीच्या खेपा. म्हणून आम्ही पुस्तकं हातानं उतरवायचो, शाळेच्या वह्यांत, निळ्या शाईनं. त्याची एक रीत होती. एकानं उतरवायचं, दुसऱ्यानं मूळ पुस्तक मोठ्यानं वाचत ओळ न ओळ ताडून पाहायची, आणि शेवटच्या पानावर दोघांनी आपापल्या नावाचं पहिलं अक्षर घालायचं. दोन अक्षरं असली तर ती प्रत खरी. एकच असेल तर पाळक तिला हात लावत नसत.

आमच्या घरात उतरवणारी मी, वेतुरिया, आणि ताडणारी माझी धाकटी बहीण एस्तेरा. मी सव्वीस वर्षांची, ती बावीसची. मी एकेक अक्षर कोरत बसायची आणि ती कंटाळून पुढची पानं वाचत सुटायची. "ताई, कासव बरं तुझ्यापेक्षा," म्हणायची. मी म्हणायची, "कासवाचं अक्षर वाचता तरी येतं."

त्या वर्षी ऑक्टोबरात तेओफिल भाऊ एक पुस्तक घेऊन आले. ते आमचे नवे पाळक, तिशीचे, दिवसा श्तेईच्या कारखान्यात वेल्डिंग करायचे. पाळकपण शिकायला जावं तर कुठं जाणार, आम्हाला ती दारं बंदच होती. हे पुस्तक पाळकांसाठीच होतं. परदेशातल्या कुणा म्हाताऱ्या पाळकानं लिहिलेलं, चौदा प्रकरणांचं: आजाऱ्यापाशी कसं बसावं, मयताच्या घरी काय बोलू नये, स्वतःचा विश्वास सुकला तर काय करावं. सहा आठवड्यांनी ते पुढच्या गावाला जायचं होतं.

"तुम्ही आधी वाचून तरी घ्या, भाऊ," मी म्हटलं.

"मला जन्मभर वाचायचंच आहे," ते हसून म्हणाले. "आधी उतरून होऊ दे. दिवस थोडे आहेत."

आणि त्यांची नजर एस्तेराकडे गेली. ती नेहमीच जायची. सगळ्या मंडळीला ते ठाऊक होतं, एस्तेरालाही.

सहावं प्रकरण संपलं त्या आठवड्यात एस्तेरा घरातून गेली. बेयुशच्या गावरिलबरोबर. गावरिल आमच्या पंथाचा नव्हता, लग्नांत अकॉर्डियन वाजवायचा, वाइन प्यायचा, नाचायचा, आणि ईस्टर सोडला तर आपल्या देवळाचीही पायरी चढत नव्हता. बाबा मंडळीचे वडील, म्हणजे पंचांपैकी एक. त्यांनी दोन दिवस काही खाल्लं नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच तिचं नाव मंडळीपुढे ठेवलं. दुसऱ्या रविवारी तेओफिल भाऊंनी विचारलं, "एस्तेराला मंडळीबाहेर काढायला कोण अनुकूल आहे?" हात वर गेले. बाबांचा सगळ्यात आधी गेला. माझाही गेला. भाऊंचा आवाज फुटला होता, पण त्यांनी हात मोजले.

सोमवारी सकाळी गाईची धार काढून, आईचे सुजलेले पाय शेकून मी खिडकीपाशी बसले आणि नववं प्रकरण उघडलं. ते मंडळीबाहेर काढलेल्यांविषयी होतं. पाळकानं पहिल्याच आठवड्यात त्या माणसाकडे जावं. उपदेश करू नये. हातात काहीतरी खायचं न्यावं, बसवतील तिथं बसावं, पुढ्यात ठेवतील ते खावं. दार उघडलं नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जावं, आणि किती वेळा गेलो ते मोजू नये.

मी ते दोनदा वाचलं. हे उतरवलं की तेओफिल भाऊ बेयुशला जाणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ते पुस्तकातलं अक्षर न अक्षर पाळणारे. ते जातील, एस्तेरा रडत परत येईल, बाबा तिला कवटाळतील, आई उठून बसेल, आणि गाय, आईचे पाय, अर्धवट पुस्तक माझ्या गळ्यात टाकून गेलेल्या त्या पोरीसाठी घरात सण होईल. मी मात्र चुलीपाशी. वह्या संपत आल्या होत्या हेही खरं. पण वह्या संपत आल्या होत्या म्हणून मी ते गाळलं असं आजवर स्वतःला सांगत आले, ते खोटं आहे. मी रागानं गाळलं. दहाव्याला नऊ आकडा दिला आणि पुढं लिहीत गेले.

शेवटच्या पानावर माझं 'व' घातलं. शेजारी 'ए' घातलं. एस्तेराच्या अक्षराची लकब मला लहानपणापासून येत होती.

ती वही तेओफिल भाऊंनी मेणकापडात बांधून घेतली आणि खरंच जन्मभर वाचली. त्यांनी मयतं काढली, आजाऱ्यांपाशी रात्री बसले, बाप्तिस्मे दिले, सगळं वहीबरहुकूम. त्यांच्या वहीवरून आणखी सहा गावांच्या पाळकांनी वह्या उतरवल्या. सगळ्यांत तेरा प्रकरणं. आमच्या खोऱ्यात कुणी घसरलं की हात वर व्हायचे आणि मग त्या घराचा रस्ताच मिटायचा. कडक म्हणून आमचं नाव झालं. दुसऱ्या खोऱ्यातले लोक आमचा दाखला देत, आणि मला तेव्हा छाती फुगल्यासारखं व्हायचं, हेही लिहून ठेवते. बाबांच्या मातीला एस्तेरा आली होती. स्मशानाच्या भिंतीबाहेर उभी राहिली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, गाण्याचं एक कडवं जास्त म्हटलं आणि घरी आलो.

तेओफिल भाऊंनी पुढं लग्न केलं, बायको वारली, एक लेक आहे. मी केलं नाही. गेल्या दोन वर्षांत काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. मागच्या वसंतात लेकीनं त्यांना ओरादिया शहरातल्या दुकानातून तेच पुस्तक आणून दिलं, छापील, कडक पुठ्ठ्याचं. आता सगळं छापून मिळतं. भाऊंनी मला बोलावणं धाडलं.

"वेतुरिया, तूच वाच. तुझ्याच हातचं मी एकोणचाळीस वर्षं वाचलं, आता तुझ्या तोंडून ऐकतो."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण काय कारण सांगणार? रोज सकाळी दहाला जाऊ लागले. ते लिंडनच्या फुलांचा चहा ठेवायचे, आंधळे असूनही एक थेंब सांडायचे नाहीत. मी वाचायची आणि ते माझ्याबरोबर पुटपुटायचे. सगळं पाठ होतं. एखादा शब्द छापात वेगळा असला की खूश होऊन म्हणायचे, "तुझाच बरा होता."

आठवं संपलं त्या दिवशी मी नवव्याची पानं एकत्र धरली आणि दहाव्यावर गेले. आंधळ्या माणसाला काय दिसणार होतं? पहिली ओळ वाचली. ते पुटपुटले. दुसरी वाचली. त्यांनी मान डोलावली आणि तिसरी माझ्या आधी म्हणाले, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलासारखे, चेहरा उजळलेला. तो चेहरा मला बघवेना.

"भाऊ, चुकले," मी म्हटलं. "मागे एक राहिलं."

नववं सबंध वाचलं. त्यांचे ओठ हलले नाहीत. चहा निवून गेला.

"हे वहीत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"तेव्हाच्या पुस्तकात नसेल. मागून घातलं असेल छापणाऱ्यांनी."

त्यांनी स्वतःच मला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं.

"होतं," मी म्हटलं. "मी गाळलं."

"पण एस्तेरानं ताडलंय. तिचं अक्षर आहे खाली."

"ते मीच घातलं. ती तेव्हा घरात होती कुठं?"

त्यांनी मेणकापडावरून हात फिरवला. ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी गेलो होतो तिच्याकडे," ते हळूच म्हणाले. "त्याच आठवड्यात, गुरुवारी, कारखान्यातून परस्पर. फाटकाच्या कडीला हात लावला. मग मनात आलं, तेओफिल, असं जायला कुणी सांगितलंय तुला? ती अजून मनातून गेली नाही म्हणून पाय ओढतायत तुझे. मागे फिरलो. पुढं वही हातात आली, तिच्यातही काही सापडलं नाही. म्हटलं, बरं झालं फिरलो. जावंसं वाटलं म्हणून मी देवाची क्षमा मागितली, वेतुरिया. कित्येक वर्षं मागत होतो."

मग आम्ही काढलेल्या एकेकाचं नाव त्यांनी घ्यायला सुरुवात केली. मितिकाचा थोरला, गिरणीवाली ओनिका, दोघे भाऊ, त्यातला एक नंतर फासाला लटकला. मी कान झाकून घेतले तरी ते थांबेनात.

शेवटी म्हणाले, "गुरुवारी बेयुशची बस आहे. जाऊ."

"आता? कुठल्या तोंडानं?"

"तोंडाचं कामच नाही. उपदेश करू नये असं लिहिलंय. तू काहीतरी खायचं कर."

मी चीज आणि शेपू भरून प्लाचिंता केल्या, फडक्यात बांधल्या. भाऊंनी वही पिशवीत घातली. बेयुशच्या कडेला निळं फाटक होतं. गावरिल सहा वर्षांपूर्वी वारल्याचं मी ऐकलं होतं आणि दोन ओळीही धाडल्या नव्हत्या. दार एस्तेरानं उघडलं. केस पांढरे, हनुवटी आमच्या आईची.

"या, तेओफिल भाऊ. जपून, पायरी आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीही या."

मला जन्मात तिनं कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

भाऊ तिनं बसवलं तिथं बसले, पुढ्यात ठेवलं ते खाल्लं, एक शब्द बोलले नाहीत. मला ते जमलं नाही. मी सगळं ओकून टाकलं, वहीचं, रागाचं, तिच्या अक्षराचं. ती प्लाचिंतेचा तुकडा मोडून बशीत ठेवत राहिली, खाल्ला नाही.

"पहिल्याच आठवड्यात जावं," ती म्हणाली. "हातात खायचं न्यावं. मोजू नये."

हे शब्द मी तिला सांगितलेच नव्हते.

"तुम्ही अक्षरं कोरत बसायचात ना, तेव्हा मी पुस्तक शेवटपर्यंत वाचून काढलं होतं. नववं तर दोनदा. त्याच्याच भरवशावर गेले मी. बाबा काढणार हे मला ठाऊक होतं. म्हटलं काढू देत, पाळक येतील, पुस्तकात लिहिलंय. गावरिलला सांगितलं, टेबल नीट पूस, माणूस येणार आहे. अक्रोडाचं सारण घालून गोड गुंडाळी भाजली. आणि तुम्ही आलात, भाऊ. पडद्याआडून बघितलं मी. कडीला हात लावलात आणि फिरलात."

"मग बाहेर का नाही आलीस?" भाऊंचा आवाज त्या रविवारसारखाच फुटला.

"बावीस वर्षांची होते. म्हटलं, दार ह्यांनी वाजवायचंय. तुम्ही फिरलात तेव्हा वाटलं, ह्यांनी एव्हाना ते प्रकरण वाचलंय. वाचलंय आणि तरी जातायत. म्हणजे पुस्तकात जे कुणासाठीही करायला सांगितलंय, तेवढ्याचीही माझी लायकी नाही. त्यानंतर मी कशालाच हात लावला नाही. ना प्रार्थना, ना गाणं. गावरिल बिचारा म्हणायचा, निदान माझ्या देवळात चल. तिथंही नाही गेले."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो चष्मा घ्यायला उचलला.

"वही आणलीय?"

भाऊंनी पिशवी पुढं केली. तिनं मेणकापड सोडलं, थेट शेवटचं पान काढलं आणि बराच वेळ बघितलं. मग ड्रॉवरमधून पेन्सिल घेतली आणि 'ए' वर आडवी रेघ मारली, दाबून, दोनदा.

"मी नव्हते तिथं," ती म्हणाली आणि वही माझ्या पुढ्यात सरकवली.

निघताना भाऊंनी विचारलं, "पुढच्या गुरुवारी येऊ?"

"या. लेकीला आणा सोबतीला." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाताना फाटक ओढून घ्या."

मी फाटक ओढून घेतलं. बसमध्ये मी वही भाऊंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती चाचपली, शेवटच्या पानावर पेन्सिलनं पडलेला खड्डा बोटानं शोधला, आणि वही परत माझ्याकडे दिली.

"तुझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले.

मी ती मांडीवर घेतली. एकच अक्षर असलेल्या वहीला आमच्यात पाळक हात लावत नाहीत.